पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन साहाय्यक आणि इंटर्नशिपच्या संधी : सातारा-सांगलीतून कोठे आणि केव्हा अर्ज करावा?

प्रयोगवही (सांगली)

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर आलेली असताना, दुसऱ्या वर्षाचे काही विद्यार्थी येऊन विचारतात, "सर, सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत काम करायला मिळेल का?" प्रश्न अगदी योग्य असतो, परंतु तोपर्यंत देशातील बहुतेक नामांकित उन्हाळी कार्यक्रमांची अर्जाची मुदत संपून गेलेली असते. पुण्या-मुंबईच्या मुलांना ही माहिती वरच्या वर्गातील मुलांकडून आपोआप मिळते. आपल्याकडे ती वेळेवर पोहोचत नाही आणि केवळ तेवढ्यामुळे गुणी मुले मागे राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा धागा सुरू करत आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया भर घालावी.

सर्वांत आधी वेळेविषयी. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी अशा तीन अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी साधारण दोन महिने देशातील एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. तिचे अर्ज पावसाळा सरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्राम आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राची उन्हाळी शिष्यवृत्ती यांचीही तयारी हिवाळ्यातच झालेली असावी लागते. पात्रतेचे वर्ष विषयानुसार बदलते, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे आवश्यक आहे. ज्याला मे महिन्यात प्रयोगशाळेत उभे राहायचे आहे, त्याने ऑक्टोबरमध्ये कागदपत्रे तयार ठेवली पाहिजेत.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दोन कार्यक्रम मला विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. मुंबईत मानखुर्द येथे असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा कार्यक्रम चालवते. त्यात शिबिर होते आणि पुढे निवडक विद्यार्थ्यांना दीर्घकाळ प्रकल्पावर काम करता येते. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा कार्यक्रम १९९३ पासून सुरू आहे. त्यात संशोधन होत नाही, परंतु प्रश्नाला स्वतः भिडण्याची जी सवय तेथे लागते ती नंतर कोणत्याही संशोधनात उपयोगी पडते.

कोरेगावकर

सर, माहितीबद्दल आभारी आहे. माझी मुलगी साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. माझ्या दोन शंका आहेत. एक म्हणजे बंगळुरू किंवा पुण्यात दोन महिने राहायचे तर खर्च कसा भागवायचा? दुसरी म्हणजे तिला एका कंपनीकडून मेल आला आहे. ऑनलाइन इंटर्नशिप देतो, एका महिन्यात प्रमाणपत्र मिळेल आणि त्यासाठी आधी काही हजार रुपये भरावेत, असे त्यात म्हटले आहे. तिच्या वर्गातील बऱ्याच मुलांनी पैसे भरले आहेत. आम्हीही भरावेत का?

यंत्रविद्या

कोरेगावकर साहेब, पैसे भरू नका. खऱ्या इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते, किंवा फार तर काम विनावेतन असते. काम देणारा विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेत असेल तर तो प्रमाणपत्र विकतो आहे, एवढेच समजावे. मी सांगलीतून अभियांत्रिकी पूर्ण करून सध्या उद्योगात काम करतो आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. तशी प्रमाणपत्रे आमच्यासमोर येतात तेव्हा आम्ही "त्या महिन्यात तू काय केलेस?" एवढेच विचारतो, आणि मुलांकडे सांगण्यासारखे काही नसते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळू लागल्यापासून हा बाजार वाढला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात इंटर्नशिपच्या एका क्रेडिटसाठी ३० तासांचे काम धरले आहे, म्हणजे चार क्रेडिटसाठी १२० तास. हे तास कसेबसे भरून काढण्याचे ओझे समजून अनेक मुले जवळच्या दुकानाचा शिक्का आणतात. त्याऐवजी तेच १२० तास एखाद्या कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात किंवा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत घालवले तर शिकायला पुष्कळ मिळते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या जिल्ह्याला यंत्रांची ओळख आहे; मिरज, कुपवाड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतील छोटे उद्योजक मनापासून काम करणाऱ्या मुलाला सहसा नाही म्हणत नाहीत.

एक गैरसमजही दूर करतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेविषयी सर्वत्र बोलले जाते. परंतु ती २१ ते २४ वर्षे वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांसाठी आखली गेली. तीत दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये अशी रक्कम ठरवली होती. नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने त्या योजनेच्या भरवशावर राहू नये.

संशोधनाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. जाहिरातींची वाट पाहण्यापेक्षा आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या (आयआयएस्सी) प्राध्यापकांना सरळ मेल पाठवावेत. शंभर पाठवले की दोन-तीन उत्तरे येतात.

प्रयोगवही (सांगली)

शुल्काविषयी यंत्रविद्या यांनी जे लिहिले त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. शंभर मेलच्या सल्ल्याशी मात्र सहमत नाही. एकच मजकूर शंभर जणांना गेला की तो वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो आणि त्यामुळे आपल्याच भागातून नंतर लिहिणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचे पत्रही न वाचता बाजूला पडते. पाच-सहा जणांनाच लिहावे, परंतु प्रत्येकाच्या कामातील निदान एक शोधनिबंध वाचून लिहावे. तो सगळा समजला नाही तरी चालेल. कोणती आकृती समजली आणि कोठे अडले हे सांगता आले पाहिजे.

कोरेगावकर, खर्चाविषयी. अकादमींच्या शिष्यवृत्तीत विद्यावेतन असते आणि अनेक संस्था वसतिगृहात सोय करतात; मुलींसाठीही तीच व्यवस्था सर्वांत सुरक्षित. निवडपत्र आल्याबरोबर त्या संस्थेला वसतिगृहाविषयी लेखी विचारावे. तुमच्या मुलीला बारावीत फार चांगले गुण असतील तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीची चौकशी करावी. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी ती आहे आणि वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच राखलेले असतात. अनेक लाभार्थी विद्यार्थी हा प्रकल्प जवळच्या जवळ उरकतात. तसे करू नये. त्या रकमेच्या आधारे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), आघारकर संशोधन संस्थेत किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मार्गदर्शक शोधता येतो.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वाधिक लिहायचे आहे ती म्हणजे शिफारसपत्र. या बहुतेक अर्जांना ते लागते आणि आपल्याकडील मुलांचे अर्ज येथेच कमकुवत ठरतात. "हा विद्यार्थी हुशार, नम्र व कष्टाळू आहे, त्याला शुभेच्छा" असे पत्र निवड समितीला काहीच सांगत नाही. समितीला जाणून घ्यायचे असते की प्रयोग फसल्यावर या मुलाने काय केले, त्याने स्वतःहून कोणता प्रश्न विचारला, नोंदी कशा ठेवल्या. शिक्षकाला हे लिहिता यावे यासाठी त्याने ते पाहिलेले असावे लागते. ऐंशी मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून चांगले गुण मिळवणारा मुलगा शिक्षकाला केवळ गुणपत्रिकेतून माहीत असतो.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की राष्ट्रीय कार्यक्रमाचा अर्ज ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी पहिल्या वर्षीच, आपल्या महाविद्यालयात किंवा गावाजवळ चढायची असते. एखाद्या शिक्षकाकडे जाऊन "आठवड्यातून दोन दुपारी मी प्रयोगशाळेत थांबतो, काचसामान धुण्यापासून सांगाल ते करतो" असे म्हणणारा विद्यार्थी वर्षभरात छोटा का होईना एक प्रश्न हाती घेतो. तो प्रश्न विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत मांडता येतो, कारण तीत पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो. परीक्षकांपुढे दहा मिनिटे उभे राहून आपल्या आकड्यांचा बचाव केलेल्या मुलासाठी दोन पाने शिफारसपत्र लिहिणे मला जड जात नाही.

नव्या चार वर्षांच्या पदवीतील चौथ्या वर्षाचाही विचार आतापासून करावा. संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि त्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रबंध असतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जागे झालेल्याला ही वाट बहुधा बंद झालेली असते.

शेतशिवार (फलटण)

प्रयोगवही सरांनी 'गावाजवळ' असे म्हटले म्हणून लिहितो. मी कृषी संशोधनात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत शेतीविषयक संशोधनाची जी केंद्रे आहेत त्यांच्या फाटकावरून विज्ञानाची मुले रोज एसटीने जातात आणि आत काय चालते हे त्यांना माहीत नसते.

सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. हळदीवरील संशोधनासाठी ते ओळखले जातेच, परंतु सोयाबीनच्या ज्या 'केडीएस' मालिकेतील वाणांची नावे आपले शेतकरी सहज घेतात, त्या नावातील पहिली दोन अक्षरे याच कसबे डिग्रजची आहेत. फुले संगम म्हणजे केडीएस ७२६. फलटण तालुक्यात पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे आणि फुले २६५ हा ऊस तेथलाच. महाबळेश्वरला गव्हावरील तांबेऱ्याचा अभ्यास करणारे केंद्र आहे. आमच्या फलटणलाच १९६८ मध्ये सुरू झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथील करडईचे काम आणि जुळी कोकरे देणारी नारी सुवर्णा मेंढी यांची माहिती प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असली पाहिजे, कारण एका जनुकाचा गुणधर्म कळपात कसा आणतात हे पुस्तकातील प्रकरण तेथे गोठ्यात पाहायला मिळते.

अशा ठिकाणी साहाय्यकाचे काम कसे असते तेही सांगतो, म्हणजे अपेक्षा योग्य राहतील. सकाळी लवकर शेतात जायचे, ठरवून दिलेल्या वाफ्यांतील ठरवून दिलेल्या झाडांची उंची मोजायची, पानांवरील रोगाची तीव्रता श्रेणीत नोंदवायची, मातीचे नमुने घ्यायचे, पिशव्यांवर न चुकता चिठ्ठ्या लावायच्या आणि सायंकाळी सगळे आकडे संगणकात भरायचे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु प्रयोगाची मांडणी म्हणजे काय, एकच वाण तीन-चार ठिकाणी का लावतात, आकडा संशयास्पद वाटला तरी तो का खोडायचा नाही, हे सारे त्यातूनच कळते. मी ज्या मुलांना पुढे पीएच. डी. करताना पाहिले त्यांपैकी बरीच आधी चिठ्ठ्या लावणारी होती.

विषय शोधायलाही लांब जाण्याची गरज नाही. मिरज, पलूस आणि वाळवा तालुक्यांतील कृष्णाकाठच्या क्षारपड, म्हणजे क्षार साठून बिघडलेल्या, जमिनी हा रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा तिन्ही विभागांच्या मुलांनी मिळून अभ्यासण्याचा विषय आहे.

यंत्रविद्या

शेतशिवार काकांच्या यादीत एक भर घालतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या परिसराचा अभ्यास कधी थांबलाच नाही. कराडजवळ हजारमाची येथे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूवेधन संशोधन प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात सुमारे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विंधनविवर (बोअरहोल) तिने घेतले आहे. भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तेथे विभागप्रमुखांच्या सहीने विनंतीपत्र पाठवावे. स्थापत्यच्या मुलांसाठी दुसरा विषय सांगलीतच आहे. आयर्विन पुलाजवळील पाणीपातळी ४५ फुटांवर गेली की धोका, हे येथे शाळेतील पोरांनाही ठाऊक असते. पण कोणत्या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी शिरते, याचा नकाशा आपल्या प्रकल्पांतून तयार व्हायला हवा.

मेलविषयी सरांचे म्हणणे मला पटले. जर्मनीच्या डाड (डीएएडी) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वाइज शिष्यवृत्तीसाठी तेथील प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र आधी मिळवावे लागते. त्यासाठीही पाठवलेल्या मेलमध्ये त्यांच्या कामाचा नेमका उल्लेख असेल तरच उत्तराची आशा ठेवावी.

वाईची_वाचक

आतापर्यंतची सर्व चर्चा विज्ञान आणि अभियांत्रिकीभोवती झाली आहे. मी इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्यासारख्यांना संशोधन साहाय्यक म्हणून काय करता येईल? आमच्या महाविद्यालयात तर इंटर्नशिप म्हणजे बँकेत बसणे, एवढाच अर्थ घेतला जातो.

माणगंगा (म्हसवड)

ताई, तू वाईत राहून हा प्रश्न विचारतेस याचा मला आनंद झाला, कारण त्याचे अर्धे उत्तर तुझ्या गावात आहे. मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालत आले आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे प्राज्ञपाठशाळेचे नाव देशभर गेले. नोंद कशी लिहितात, संदर्भ कसा तपासतात, हे शिकण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? औंधचे श्री भवानी संग्रहालयही आपल्याच जिल्ह्यात आहे.

मात्र एक कौशल्य आधी मिळव. मोडी शीक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना पानिपतासंबंधीची जुनी पत्रे वाईतच सापडली होती आणि आजही आपल्याकडील वाड्यांत, देवस्थानांत मोडी कागद पडून आहेत. पुण्यात राजवाडे यांच्याच पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे. मोडी वाचता येणारा पदवीचा विद्यार्थी अभ्यासकांना हवाच असतो, कारण कागदांची सूची करणे आणि लिप्यंतर करणे हेच तर तेथले साहाय्यकाचे मुख्य काम आहे.

मी स्वतः सामाजिक क्षेत्रात आहे, तेव्हा क्षेत्रीय सर्वेक्षणाविषयी लिहितो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल या विषयांच्या मुलांना मानधन मिळवून देणारे संशोधनाचे काम बहुतेक वेळा हेच असते. पाणी, स्थलांतर, बचतगट, ऊसतोड कामगारांचे आरोग्य अशा विषयांवर अभ्यास चालतात आणि त्यांना गावची बोली समजणारी मुले लागतात. आमच्या माणदेशातल्या एखाद्या आजींना "आपले वार्षिक उत्पन्न किती?" असे विचारून काहीच हाती येत नाही, मेंढरं किती, गेल्या दिवाळीला किती विकली, चारा विकत आणला का, अशा वाटेने जावे लागते, आणि ती वाट तुम्हाला माहीत असते, शहरातून आलेल्याला नसते. मात्र दोन नियम पाळावेत. समोरच्या व्यक्तीला अभ्यास कशासाठी आहे हे स्पष्ट सांगून तिची संमती घेतल्याशिवाय पहिला प्रश्न विचारू नये. आणि घर बंद आढळले म्हणून झाडाखाली बसून प्रश्नावली भरू नये, कारण अशा खोट्या आकड्यांवर पुढे एखाद्या गावाचा टँकर ठरतो. काम स्वीकारण्यापूर्वी मानधन, प्रवासखर्च आणि अहवालात नावाचा उल्लेख यांविषयी लेखी घ्यावे.

म्हसवडची माणदेशी संस्था ग्रामीण महिलांच्या उद्योगांसाठी काम करते. वाणिज्य शाखेच्या मुलींनी तिचे काम जवळून पाहावे. सांगलीच्या वाणिज्य विद्यार्थ्यांनी तर हळदीच्या आणि तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांचा अभ्यास करावा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या भावावर परिणाम झाला का, हा प्रश्न कोणत्याही चांगल्या प्रबंधाच्या तोडीचा आहे.

कोरेगावकर

सर, काका, सर्वांचे आभार. ऑनलाइन कंपनीला आम्ही नकार कळवला आहे. मुलीने तिच्या मॅडमना विचारले आणि क्षारपड जमिनीतील जिवाणूंवर काम करण्यास त्यांनी होकार दिला आहे. पुढील उन्हाळ्यासाठी पुण्यातील एका शास्त्रज्ञांना ती मेल लिहीत आहे. प्रत्यक्षात तो इंग्रजीत जाईल. तिने मजकूर मराठीत लिहून दिला आहे, तो येथे देतो. कृपया पाहावा.

"आदरणीय महोदय, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून मला संशोधनाची लहानपणापासून अतिशय आवड आहे. आपल्या जगप्रसिद्ध संस्थेत काम करणे हे माझे स्वप्न आहे. मी कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे. कृपया मला संधी द्यावी."

प्रयोगवही (सांगली)

कोरेगावकर, मुलीने इतक्या लवकर काम सुरू केले हे वाचून फार समाधान वाटले. हा निरोप तिलाच सांगावा.

बाळ, स्वप्न आणि लहानपणापासूनची आवड ही दोन्ही वाक्ये काढून टाक. ती खरी असली तरी प्रत्येक अर्जात असतात. "कोणत्याही विषयावर" हे तर अवश्य काढ, कारण त्यावरून तू त्यांचे काम वाचलेले नाहीस असा अर्थ निघतो. पहिल्या वाक्यात तुझे नाव, वर्ष आणि महाविद्यालय असू दे. दुसऱ्यात लिही की मिरज तालुक्यातील क्षारपड जमिनीतून नमुने घेऊन मिठाच्या वेगवेगळ्या प्रमाणात वाढणारे जिवाणू वेगळे करण्याचे काम तू करत आहेस, आणि आतापर्यंत काय हाती आले. तिसऱ्यात त्यांच्या एका शोधनिबंधाचा उल्लेख करून त्यातील कोणती पद्धत तुला शिकायची आहे ते सांग. शेवटी, तू कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकतेस आणि तुझ्या मॅडम शिफारसपत्र देण्यास तयार आहेत, एवढे पुरे. सोबत गुणपत्रिका आणि एक पानाचा परिचय जोड.

मात्र हा मेल आज पाठवू नकोस. नमुन्यांचे पहिले निकाल आधी हाती येऊ देत, म्हणजे दुसऱ्या वाक्यात लिहायला आकडे असतील. दरम्यान अकादमींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला की तो भर आणि मॅडमना शिफारसपत्रासाठी मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी सांग. सत्रपरीक्षेच्या दिवसांत आम्हा शिक्षकांनाही वेळ काढावा लागतो.